चौक्याची गाडी

श्रावण वद्य पंचमी, वीर निर्वाण संवत २५५०

ब्राह्मी,

जय जिनेंद्र. हे कोणालाही लिहितात, म्हणून तुलाही लिहितो.

तुझ्याशी बोलणार नाही, असे मी नऊ वर्षांपूर्वी मंदिराच्या पायरीवर म्हणालो होतो. लिहिणार नाही असे म्हणालो नव्हतो. ही पळवाट आहे हे मला कळते. व्रतातून असे मार्ग कसे काढले जातात आणि ते का काढू नयेत, हे पाठशाळेत मुलांना मीच शिकवतो. तरीही लिहितो आहे, कारण विषय आपल्या पिकअपचा आहे आणि तिचे चाक धरायला तू मोटार-शाळेत नव्हे, आपल्या उसाच्या बांधावर शिकलीस.

गाडीचे इंजिन गेले. तासगावहून येताना बॉनेटमधून वाफ आली, मग एक धातूचा आवाज आला आणि मग काही आले नाही. हरिबा मिस्त्रीने दोरखंड लावून गाडी त्याच्या गॅरेजात नेली, इंजिनाचा माथा उघडला आणि मला बोलावून घेतले.

"आण्णा, रेडिएटरमधी काय वतत हुता?"

"पाणी. आपल्या विहिरीचे. गाळून."

"गाळून?"

"दुहेरी फडक्यातून. गाळणीतले जीव परत विहिरीत सोडून."

त्याने बोट आत घालून पांढरा पापुद्रा काढला, चुलीवरच्या जुन्या पातेल्याला आतून बसतो तसा. "जीव वाचलं म्हना की. खार तेवढा इंजनानं पिला," असे म्हणून तो बराच वेळ हसला. मी त्याच्यावर रागावलो नाही. नदीकाठची आपली विहीर किती मचूळ झाली आहे हे मला ठाऊक होते. बाजारात मिळणारे ते हिरवे गोडसर द्रव मी कधी घातले नाही, कारण हरिबाच्याच अंगणात ते चाटून एक कुत्री मेलेली मी पाहिली होती. मला वाटले होते की मी योग्य तेच करतो आहे. अजूनही त्यात चूक नेमकी कुठे झाली ते मला दाखवता येत नाही. इंजिनाचा ब्लॉक मात्र तडकला आहे.

आता दोनच मार्ग आहेत. तडा सांधून, पिस्टन-लायनर नवे घालून तेच इंजिन पुन्हा बांधायचे, किंवा दुसऱ्या गाडीचे चालते इंजिन आणून बसवायचे. हरिबा दुसऱ्या मार्गाचा आहे. मी पहिल्याचा.

यंदा आपल्या गावी मुनिसंघाचा चातुर्मास आहे. कार्तिकी अष्टाह्निकेचे आठ दिवस संपले की संघ पायी फलटणला निघेल. मुनी मुक्कामाला पोहोचण्याआधी तिथे सोवळ्याने रांधायचा चौका मांडलेला हवा. ती भांडी, पीठ, पाणी, रांधणाऱ्या बायका हे सारे आपल्याच गाडीतून जाते, तू शाळेत होतीस तेव्हापासून. यंदाही मी शब्द दिला आहे.

तुझ्या आईच्या पायांवर थोडी सूज असते. विशेष काही नाही. चौक्याबरोबर येणारच, असे ती म्हणते. फलटणची वाट मसूर, रहिमतपूर, मग तुझे कोरेगाव अशी जाते हे मला नकाशा पाहिल्यावर कळले. तिला तो पाहावा लागला नाही.

बाळगोंडा


भाद्रपद वद्य प्रतिपदा, क्षमावाणी

ब्राह्मी,

आज सगळ्या जीवांची क्षमा मागण्याचा आणि सगळ्यांना क्षमा करण्याचा दिवस. छापील कार्डे आली होती. साऱ्या नातेवाइकांना त्यांवरच्याच मजकुराखाली सही करून पाठवली. एक तुझ्यासाठीही काढले होते. सही करवेना. चौऱ्यांशी लक्ष योनींची क्षमा एका दमात मागता येते. एका माणसाचे नाव घालून तेच वाक्य लिहायला बसलो, तर ते खरे आहे की नाही हे आधी पाहावे लागते. म्हणून हे साधे पत्र.

तुझी आई परसदारी उभी राहून फोनवर बोलते तेव्हा मला ऐकू येत नाही, असे आमच्यात न बोलता ठरलेले आहे. तेव्हा तुला पाचवा महिना लागतो आहे आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायची बंदी केली आहे, हे मला ठाऊक नाही. याआधी दोनदा काय झाले तेही मला ठाऊक नव्हते. त्या दोन्ही वेळी तिने महिनाभर गोड खाल्ले नाही आणि मी कारण विचारले नाही.

तुला येता येत नाही, मग तिने यावे. पण ती बसमध्ये बसून येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. तू लग्न करून गेलीस त्याच महिन्यात तिने महाराजांसमोर दिग्व्रत घेतले. उत्तरेस कराडच्या संगमापलीकडे जायचे नाही, इतर तीन दिशांनाही अशाच सीमा. तीर्थयात्रा आणि साधूंची सेवा एवढेच अपवाद. तिच्या शेजारी बसून मीही तेच घेतले. उत्तरेची सीमा इतकी जवळ का, असे महाराजांनी विचारले. ती म्हणाली, "तिकडं जावंसं वाटंल म्हून." मी खाली पाहत होतो.

म्हणून ती गाडी. चौका घेऊन ती फलटणला गेली, तर वाटेत कोरेगाव आहे आणि व्रत अभंग आहे. नाही गेली, तर दुसरी वाट नाही.

काल तिने आरतीनंतर विषय काढला. तुझ्या घरच्या गृहस्थांची एक पिकअप मागून धडकल्याने चेपली आहे, इंजिन मात्र शाबूत आहे, आपल्याच गाडीच्या जातीचे, दोनच वर्षे चाललेले. ते देऊ म्हणतात. मोबदला नको म्हणतात.

मी विचारले, "ती गाडी काय वाहत होती?"

"तुमाला ठावं हाय."

"तुझ्या तोंडून ऐकतो."

"कोंबड्या," ती म्हणाली आणि समईची वात पुढे सारत राहिली.


आश्विन शुद्ध एकादशी

ब्राह्मी,

मी नकार कळवला आहे, हे तुला एव्हाना कळले असेल. कारणही तुला नीट कळावे म्हणून लिहितो.

हरिबाच्या गॅरेजात बसलो होतो. संघसमितीचा पारस त्याची मोटारसायकल घेऊन आला होता. हरिबा पुन्हा तेच सांगत होता, की सांधलेला ब्लॉक म्हणजे दुखणाईत माणूस, पाहुण्याकडचे आयते इंजिन घ्या. वर म्हणाला, "इंजन बदललं म्हून गाडीचं कुळ बदलत न्हाई, आण्णा. पोरगी दिल्यावर तिचं बदलतंय का?"

पारस हसला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्या यंत्राने रोज पहाटे वधाचे ओझे वाहिले, त्या यंत्राच्या बळावर मुनींचा चौका चालणार नाही. माझ्या हयातीत नाही."

पारस म्हणाला, "अण्णा, हे तुम्ही परवाच्या बैठकीत सांगा. कोणाकोणाच्या गाड्या कसल्या असतात. नियमच करून टाकू."

मी सांगितले आणि नियम झाला, की असल्या गाडीतून वा असल्या इंजिनावर चौका न्यायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शास्त्राचा आधार कोणी विचारला नाही.

तुझ्या आईने विचारला. मी जेवायला बसलो होतो. सूर्य मावळायला थोडा अवकाश होता आणि ती घाईने वाढत होती.

"लोखंडाला पाप लागतं का वो?"

"नाही. ते अजीव आहे. कर्म बांधले जाते ते जीवाला."

"मग त्या इंजनाला काय लागलंय?"

"काही नाही."

"मग कुणाला लागतंय? देणाऱ्याला, का घेणाऱ्याला?"

मी म्हणालो, बोलत जेवू नये. तिने आमटी वाढली आणि आत गेली. तिला आता वाढून उठताना दाराची चौकट धरावी लागते. सांगलीच्या डॉक्टरांनी एक लहानशी गोळी जिभेखाली ठेवायला दिली आहे. चिंतेचे काही नाही असे ते म्हणाले. नेमके असे म्हणाले नाहीत, पण काय म्हणाले ते लिहून काही उपयोग नाही.

हरिबा ब्लॉक कोल्हापूरला सांधायला घेऊन गेला आहे.


कार्तिक पौर्णिमा, वीर निर्वाण संवत २५५१

ब्राह्मी,

इंजिन सुरू झाले. पहिल्या किल्लीला नाही, चौथ्या-पाचव्या वेळी. धूर पुष्कळ निघाला, मग स्वच्छ झाला. हरिबाने कान लावून ऐकले आणि म्हणाला, "चालतंय. पळवू नका, लादू नका, आन् माज्या नावानं शंख करू नका." रेडिएटरमध्ये आता बॅटरीत घालतात ते पाणी आहे. विहिरीचे नाही आणि ते हिरवेही नाही. एवढी तडजोड मी केली.

उद्या सूर्योदयानंतर संघ निघतो. भांडी चढवली आहेत. तुझी आई परवापासून चालते आहे, म्हणजे घरातल्या घरात. दम लागत नाही हे मला दिसावे म्हणून. तिने एक निळी पिशवी भरली आहे. त्यात तिच्या जुन्या लुगड्यांचे मऊ तुकडे आहेत आणि अळिवाचे लाडू. पिशवी तिने पिठाच्या डब्यामागे ठेवली. मी ती पाहिलेली नाही.

संघ कोरेगावात मुक्कामाला असेल त्या दिवशी मुनींचा आहार झाल्यावर दुपार मोकळी असते. ती तुझ्याकडे येईल. तिला सोबत देईन. मी येईन असे समजू नकोस.


कार्तिक वद्य दशमी

ब्राह्मी,

मसूरच्या पुढे जे झाले ते तुझ्या घरच्या पृथ्वीराजांनी तुला सांगितले असेल. त्यांनी सगळे सांगितले नसावे, कारण ते सभ्य आहेत. म्हणून मी सांगतो.

कराडपर्यंत गाडी चांगली चालली. संगमाचा पूल ओलांडताना तुझ्या आईने हात जोडले. नदीला की सीमेला ते मला कळले नाही. महाराज पुढे चालत होते आणि मी गाडी त्यांच्या मागेच ठेवली होती. मुनींना गाडीने ओलांडून पुढे जाणे मला आजवर जमलेले नाही. इतर लोक पुढे जातात आणि चौका मांडतात. मी फाट्यापर्यंत मागून चालतो, मग आडवाटेने पुढे होतो. तेवढे अंतर पायांच्या गतीने, पहिल्या गिअरवर, लादलेली गाडी. हरिबाने लादू नका म्हटले होते. मला त्याचे स्मरण होते.

मसूर मागे पडल्यावर चढाला उष्णतेचा काटा तांबड्यात गेला. सांधलेली जागा उकलली. खाली रस्त्यावर पाणी आणि तेल एकत्र वाहू लागले, ताकासारखे.

आहाराची वेळ टळली, तर मुनींना त्या दिवशी उपवास. पारसने मसूरहून टेम्पो आणवला, भांडी हलवली, बायका बसल्या. तुझी आई कडेच्या दगडावर बसली होती आणि तिचे ओठ काळसर झाले होते. गोळी जिभेखाली ठेवली होती. पारसने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काकू, तुमच्यानं आता चौक्यात उभं राहवणार न्हाई. तुम्ही अण्णांबरोबर माघारी जावा."

मी म्हणालो, "तिला टेम्पोत पुढे बसू दे. बसून राहील. कोरेगावापर्यंत."

तुझी आईच म्हणाली, "मी चौक्याला हात लावणार नसंन, तर माजं जाणं सेवा न्हवं. ते फिराय जाणं झालं."

टेम्पो गेला. महाराज त्याआधीच वळणाआड गेले होते. आम्ही दोघे त्या रस्त्यावर राहिलो. तिने माझा फोन मागितला आणि एक क्रमांक न पाहता लावला.

पृथ्वीराज तासाभराच्या आत आले. पिंजरे काढलेले, हौदा धुतलेला आणि खाली नवे घोंगडे. वास मात्र होता. ते उतरले आणि मला "मामा" म्हणाले. मग तिला वाकून नमस्कार केला. तिने त्यांच्या गालाला हात लावला आणि विचारले, "कुठल्या कुशीवर निजती ती?"

"डाव्या. डॉक्टरनी सांगितलंय. मामी, चला की. ऊन उतरायच्या आत पोचतो आपण. वाट बघत पडलीय ती."

ती उठली नाही. तेव्हा मी जे बोललो ते माझ्या तोंडून आजवर कधी निघाले नव्हते. मी म्हणालो, "चल. तासाभराची वाट आहे. व्रतभंगाचे प्रायश्चित्त मी घेईन, तुझ्या वाटचेही."

ती म्हणाली, "प्रायश्चित्त घ्यायचं आदी ठरवायचं, मग मोडायचं. असल्या मोडण्याला काय म्हंत्यात ते तुमीच शिकवलंय की पोरांना."

मी दुसऱ्यांदा म्हणालो. ब्राह्मी, मी तिला विनवले. रस्त्यावर, परक्या माणसासमोर. ते परके नव्हेत हे मला कळते. वाक्य लिहून गेलो, तसेच राहू दे.

"एवढं एकच धरलंय मी," ती म्हणाली. "बाकी सगळं सुटलं."

तिने निळी पिशवी पृथ्वीराजांकडे दिली. त्यांनी आमच्या गाडीला दोर बांधला आणि आम्हांला माघारी ओढून आणले. ती माझ्या शेजारी बसली होती. पुढे कोंबड्यांची रिकामी गाडी, मागे आम्ही, बंद इंजिनामागे. वेशीजवळ त्यांनी दोर सोडला, गुंडाळला आणि थोडा वेळ उभे राहिले. घरी चला, असे मी म्हणायला हवे होते. त्यांनी पुरेसा अवसर दिला होता.


पौष शुद्ध द्वादशी

ब्राह्मी,

पृथ्वीराजांनी पाठवलेले इंजिन गेल्या आठवड्यात आपल्या गाडीत बसले. मीच हरिबाला निरोप दिला होता आणि त्याने कोरेगावला फोन केला. इंजिन घेऊन पृथ्वीराज स्वतः आले. या खेपेस मी त्यांना घरी नेले. ते ओटीवर संकोचून बसले आणि तुझ्या आईने त्यांना तुझ्याविषयी इतके विचारले, की चहा निवला.

हे मी सहज केले असे समजू नकोस. हरिबा म्हणत होता की तो ब्लॉक पुन्हा सांधण्याजोगा नाही. नवा शोधायचा तर उन्हाळा येईल. पुढचा संघ कधी, कोणत्या वाटेने जाईल, हे कोणालाच ठाऊक नाही. तुझ्या आईच्या हृदयाची शक्ती चौथ्या हिश्शावर आली आहे. डॉक्टरांनी हे मला श्रावणातही सांगितले होते, तेव्हा तिसरा हिस्सा होता. मी तुला थोडी सूज लिहिली.

जुने इंजिन धरून बसलो, तर गाडी चौक्याची राहते आणि जागची हलत नाही. हे बसवले, तर गाडी हलते, पण चौक्याची राहत नाही. नियम माझ्याच शब्दांनी झाला आहे. पारस हे सांगायला घरी आला. त्याचा आवाज खाली होता आणि तो सारखा किल्ली फिरवत होता.

"अण्णा, लोक म्हणतात, बाकी कुणाचं चाललं असतं. पण तुम्हीच बोलला होता बैठकीत."

"लोक बरोबर म्हणतात," मी म्हणालो.

तो गेल्यावर तुझी आई अंथरुणावरून म्हणाली, "म्हंजे ही गाडी आता चौक्याची न्हाई."

"नाही."

"मग मला हिच्यात बसून पलीकडं जाता येत न्हाई."

"नाही."

"हे तुमाला हरिबाला सांगायच्या आदी ठावं हुतं?"

"होते."

तिने तोंड भिंतीकडे केले. मला वाटले, रडते आहे. ती विचार करत होती. मग म्हणाली, "बरं केलं. दोघांचं राहण्यापरीस एकाचं तरी हुईल. तुमी जावा."

मी म्हणालो, माझेही तेच व्रत आहे, त्याच सीमा आहेत.

"तुमचं तुमी बगा. मी माजं मोडत न्हाई. तुमचं मी धरून ठेवलेलं न्हाई."

चार दिवस मी शास्त्र पाहिले. मला हवे ते त्यात सापडले नाही. जे सापडले त्याचा अर्थ मला हवा तसा लावता आला असता, तेवढे शिक्षण माझ्यापाशी आहे. तो लावला नाही. मी व्रत मोडतो आहे, एवढेच खरे आहे. त्याला सेवा म्हणत नाही, यात्रा म्हणत नाही आणि परतल्यावर महाराजांकडे प्रायश्चित्त मागायलाही जाणार नाही. मागितले, तर ते देतील.

ज्याने तुला पाहू नये असे ठरवले होते तो येतो आहे आणि जिला तुला पाहायचे होते ती इथे राहते आहे. याचा निवाडा तू कर. मी तो करू पाहिला. आता मला दिसत नाही.

बाळंतपण झाल्यावर तू हिंडू-फिरू लागलीस की बाळाला घेऊन इकडे ये. दार उघडे आहे, हे मी पूर्वी लिहायला हवे होते. तुझी आई तोवर थांबेन म्हणते. ती शब्दाची पक्की आहे. तिचे शरीर तसे आहे की नाही हे मला माहीत नाही.

तिने मला तुझ्याविषयी काय काय पाहून यायचे ते सांगून ठेवले आहे. डोळ्यांखाली काळे आहे का. हाताची बोटे सुजली आहेत का. अंथरूण खिडकीपाशी आहे की भिंतीपाशी. हसते का. परत आल्यावर सगळे सांगायचे, पाठशाळेत सांगता तसे नाही, नीट सांगायचे, असे तिने बजावले आहे. मी गेलो की शेजारच्या राहीबाई तिच्यापाशी बसतील.

परवा उजाडल्यावर निघेन. आवाज बदललेला आहे, पण गाडी तीच आहे, तू ओळखशील. तुला उठायची मनाई आहे. गाडी दारात थांबली तरी उठू नकोस, नमस्कारासाठी खाली वाकू नकोस. मी आत येईन.